उलट्या खिळ्यांची वंशावळ

तर्कशास्त्राच्या पुस्तकात ∃ आणि ∀ ही जोडी पानोपानी भेटते. पहिलं चिन्ह सांगतं, ‘असं निदान एक तरी आहे’. दुसरं सांगतं, ‘हे सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे’. पहिलं म्हणजे पाठमोरं केलेलं रोमन कॅपिटल ‘ई’ आणि दुसरं म्हणजे डोक्यावर उभं केलेलं ‘ए’. ही अक्षरं उलटी का, याचं उत्तर तर्कशास्त्रात सापडत नाही, छापखान्यात सापडतं. जुळाऱ्याने केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, ‘ई’चा खिळा उचलला, अर्धा फेरा फिरवला आणि ओळीत बसवला, की नवं चिन्ह हजर. पंच कापायला नको, साचा घडवायला नको, ओतशाळेचं बिल भरायला नको. १८९७ साली तुरिनच्या जुझेप्पे पेआनोने ∃ वापरलं आणि १९३५ साली गेऱ्हार्ट गेंट्झेनने त्याच चालीवर ∀ केलं.

यात एक बारकावा आहे. शिशाचा खिळा फिरवता येतो, पण त्याचं आरशातलं प्रतिबिंब करता येत नाही. ‘ई’ची वरची आणि खालची बाजू सारखी, म्हणून तो फिरवला तरी आरशातल्यासारखा दिसतो. ‘सी’चंही तसंच. पेआनोने १८८९ सालच्या अंकगणितावरच्या पुस्तिकेत ‘यावरून हे निघतं’ अशा अर्थाने पाठमोरा ‘सी’ वापरला. आजचं ⊃ त्याच घराण्यातलं.

गणिती चिन्हांचा इतिहास आपण गणितज्ञांच्या नावांनी सांगतो. बरोबरचं चिन्ह अमक्याचं, गुणाकाराचं तमक्याचं. पण चिन्ह सुचणं आणि ते छापून येणं यांच्या मधे एक कारागीर उभा असतो. त्याच्यापुढे ठरावीक खणांची केस असते, आणि त्या खणांत जे आहे त्यातूनच त्याला पान उभं करायचं असतं. कुठली चिन्हं टिकली आणि कुठली बुडाली, याचा बराचसा निकाल त्या केसने लावला आहे.

छापील + आणि − पहिल्यांदा दिसतात ते योहानेस विडमनच्या व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात, १४८९ साली, लाइपझिगला. १५५७ साली लंडनमध्ये रॉबर्ट रेकॉर्डच्या बीजगणितात = आलं. दोन समांतर रेघांइतक्या एकमेकींसारख्या दुसऱ्या कुठल्या दोन वस्तू असणार, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच्या पुस्तकातल्या त्या रेघा आजच्यापेक्षा बऱ्याच लांब आहेत. युक्तिवाद बिनतोड होता, तरी चिन्ह लगेच रुजलं नाही. पुढची साठेक वर्षं ते छपाईत फिरकलंच नाही. १६३७ साली देकार्तची ‘भूमिती’ लायडनला छापली गेली तेव्हा त्याने बरोबरसाठी वेगळंच चिन्ह घेतलं होतं. वृषभ राशीची खूण आडवी केली तर जशी दिसेल तसं. ग्रहताऱ्यांची वार्षिकं छापणाऱ्या त्या काळच्या छापखान्यांना राशींच्या खुणा काही नव्या नव्हत्या.

इंग्लंडच्या विल्यम ऑट्रेडने तर चिन्हांचा सपाटाच लावला. गुणाकाराचं × त्याच्या १६३१ सालच्या पुस्तकातलं. त्याने एकूण वापरलेली चिन्हं दीडशेच्या घरात जातात, असं गणिती चिन्हांचा इतिहास लिहिणाऱ्या फ्लोरियन कॅजोरीने मोजून ठेवलं आहे. त्यातली तगली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

हा मामला ओळखून वागलेला पहिला मोठा गणिती म्हणजे लाइब्निझ. २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात त्याने बेरजेसाठी लांब ‘एस’ वापरला. तेच आपलं ∫. त्या काळच्या लॅटिन छपाईत लांब ‘एस’ हे रोजचं अक्षर होतं. त्यामुळे १६८६ साली लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरुम’ या नियतकालिकात हे चिन्ह पहिल्यांदा छापायची वेळ आली तेव्हा खिळ्यासाठी कुणाला वणवण करावी लागली नाही. पुढे रोजच्या मजकुरातून लांब ‘एस’ हद्दपार झाला. गणितात मात्र तो राहिला, आणि उंच होत गेला. याउलट, बदलाचा दर दाखवण्याची न्यूटनची रीत अक्षराच्या डोक्यावर ठिपका देण्याची. हाताने लिहिताना ती झटपट होते; छापताना ठिपकेवाल्या अक्षराची वेगळी सोय करावी लागते, आणि ठिपका नीट उमटला नाही तर अर्थच पालटतो.

× हे अक्षरासारखं दिसतं म्हणून लाइब्निझला नको होतं. १६९८ साली योहान बर्नुलीला लिहिताना त्याने गुणाकारासाठी साधा ठिपका पसंत केला. १७०८ साली ‘आक्टा’च्या संपादकांनी रीतसर जाहीरच केलं की यापुढे लाइब्निझची चिन्हं वापरली जातील, आणि पदांच्या डोक्यावरून ओढलेल्या रेघेऐवजी कंस येतील. कारणही छपाईचंच दिलं होतं. पदांवरची रेघ ओळीच्या वर स्वतंत्र बसवावी लागते. कंस ओळीतच मावतो. शाळेत आपण ‘आधी कंस सोडवा’ म्हणत मोठे होतो, त्या कंसाच्या राज्याभिषेकात जुळाऱ्याच्या सोयीचाही हात होता.

एकोणिसाव्या शतकात हीच गोष्ट नव्या पात्रांनी पुन्हा घडली. स्ट्रासबुर्गच्या क्रिस्तियान क्रांपने १८०८ साली क्रमगुणितासाठी उद्गारचिन्ह घेतलं: ५! म्हणजे ५×४×३×२×१. हा खिळा प्रत्येक छापखान्यात होताच. इंग्लंडमध्ये थॉमस जॅरेटने १८२७ साली याच कामासाठी संख्येच्या डावीकडून आणि खालून जाणारी काटकोनी रेघ सुचवली. ती तिकडच्या पुस्तकांत बराच काळ चालली, पण प्रत्येक संख्येखाली रेघ बसवण्याचा कुटाणा तिला भोवला आणि शेवटी उद्गारचिन्हच जिंकलं. ऑगस्टस डी मॉर्गन त्यावर वैतागला होता. दोन, तीन, चार हे आकडे उत्तरात आल्याचं लेखकाला भारी नवल वाटतंय असं पान दिसतं, अशी त्याची तक्रार होती. गंमत म्हणजे अपूर्णांक दोन मजली न रचता तिरप्या रेघेने एकाच ओळीत लिहावा, ही छापखान्याला दिलासा देणारी सूचना १८४०च्या दशकात त्याचीच. १८८० साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने आपल्या संकलित निबंधांत ती तिरपी रेघ मनापासून राबवली आणि ती रूढ झाली.

सर्वांत मोठी टक्कर मात्र तर्कशास्त्रात झाली. येना विद्यापीठातल्या गोटलोब फ्रेगेने १८७९ साली तर्काची एक सबंध लिपीच मांडली. त्याची वाक्यं ओळीत धावत नाहीत. उभ्या-आडव्या रेघांच्या फांद्या फुटत पानावर खाली उतरतात. कुठली अट कुठल्या निष्कर्षाला टेकलेली आहे ते नजरेला लगेच दिसतं. पण जागा अतोनात खाते. एर्न्स्ट श्र्योडरने परीक्षणात याच उधळपट्टीवर बोट ठेवलं आणि तिला जपानी उभ्या लेखनाची उपमा देऊन टोमणा मारला. फ्रेगे बधला नाही. जुळाऱ्याची सोय ही काही जगातली परमोच्च गोष्ट नव्हे, असं त्याने १८९६ साली पेआनोच्या पद्धतीशी आपल्या पद्धतीची तुलना करताना ठणकावलं. वाचणाऱ्याला समजणं महत्त्वाचं, जुळवणाऱ्याला काय त्रास होतो ते नंतर. तत्त्व म्हणून हे बरोबर होतं, पण त्याची किंमत त्याला रोखीत मोजावी लागली. त्याच्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड १८९३ साली निघाला. प्रकाशकाने दुसऱ्या खंडाची जोखीम घेतली नाही, आणि १९०३ साली तो फ्रेगेला पदरमोड करून काढावा लागला.

पेआनोने उलटी वाट धरली. त्याची चिन्हं एका ओळीत मावतात: उलटे खिळे, ग्रीक अक्षरं, कंसांच्या जागी ठिपके. तेवढ्यावर न थांबता त्याने १८९८ साली चक्क एक छोटा छापखाना विकत घेतला आणि स्वतः खिळे जुळवायला शिकला. ज्याला चिन्ह सुचतं तोच ते जुळवतो, असं गणिताच्या इतिहासात क्वचित घडलं. केससमोर उभं राहणाऱ्याला कुठलं चिन्ह महाग आणि कुठलं फुकट हे न सांगता कळतं.

१९०० साली पॅरिसच्या तत्त्वज्ञान परिषदेत बर्ट्रंड रसेल पेआनोला भेटला आणि त्याच्या लिपीच्या प्रेमात पडला. फ्रेगेचा विचार त्याने उचलला, पण तो लिहिला पेआनोच्या वळणाने. व्हाइटहेडच्या साथीने लिहिलेला ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ १९१० ते १९१३ या काळात तीन खंडांत निघाला. ओळीत मावणारी चिन्हं घेऊनही केंब्रिजच्या छापखान्याने तोट्याचा अंदाज बांधला तो ६०० पौंडांचा. ३०० छापखान्याने सोसले, २०० रॉयल सोसायटीने दिले, उरलेले दोघा लेखकांनी ५०-५० करून भरले. अनेक वर्षांच्या मेहनतीची आपली कमाई उणे पन्नास पौंड, असा हिशेब रसेलने पुढे मांडला.

तरीही जो तो केसमधल्या फटी शोधत राहिला. रिकाम्या संचासाठी १९३९ साली ‘बुर्बाकी’ या फ्रेंच गणितज्ञांच्या मंडळाच्या पुस्तकात आलेलं ∅ हे आंद्रे वेलने नॉर्वेजियन वर्णमालेतून उचललं. ती लिपी ठाऊक असलेला त्या मंडळात तो एकटाच होता. दुहेरी रेघेच्या कॅपिटल अक्षरांनी संख्यांचे संच दाखवण्याची रीत मात्र केसमधून आली नाही, फळ्यावरून आली. खडूने ठळक अक्षर काढणं जिकिरीचं, म्हणून एक रेघ दुहेरी केली. छापखान्यात ठळक खिळे आधीपासून होते, तरी फळ्यावरचं ते रूप उलटा प्रवास करून छपाईत शिरलं आणि तिथलंच झालं.

१९६१ साली आयबीएमचा सिलेक्ट्रिक टाइपरायटर आला. त्याची अक्षरं एका गोळ्यावर बसवलेली, आणि गोळा काढून दुसरा घालता येई. गोळ्यावर ८८ अक्षरं, त्याउपर एकही नाही. केनेथ आयव्हर्सनने १९६२ सालच्या पुस्तकात अपूर्णांक खालच्या किंवा वरच्या पूर्णांकाला टेकवण्यासाठी ⌊ ⌋ आणि ⌈ ⌉ हे कंस आणले होते. त्याच्या ‘एपीएल’ या संगणकभाषेसाठी खास गोळा ओतला गेला, पण ८८ जागा तिला पुरेनात. मग एक चिन्ह उमटवायचं, एक घर मागे यायचं आणि त्यावरच दुसरं ठोकायचं. चौकोनावर भागाकार ठोकला की व्यस्त मॅट्रिक्सचं ⌹ तयार. शिशाच्या खिळ्यांत जे काम फिरवण्याने झालं ते इथे एकावर एक ठोकण्याने झालं.

बेल लॅब्जमध्ये ब्रायन कर्निगन आणि लोरिंडा चेरी यांनी १९७०च्या दशकाच्या मध्याला ‘ईक्यूएन’ ही समीकरणं जुळवणारी आज्ञावली लिहिली तेव्हाही तोच पेच होता. त्यांच्या फोटोटाइपसेटरमध्ये चार फॉन्ट, प्रत्येकी १०२ आकार. उंच महिरपी कंस हवा असेल तर तो वरचं टोक, मधला बाक, खालचं टोक आणि भरतीच्या रेघा असा तुकड्यातुकड्यांनी उभा करायचा.

याच सुमारास डोनाल्ड क्नूथ यांच्या हाती एक गठ्ठा पडला. त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाची १९६९ सालची आवृत्ती मोनोटाइपच्या ओतीव खिळ्यांवर जुळवलेली होती. सुधारित आवृत्तीची प्रुफं १९७७ सालच्या मार्चअखेर आली ती फोटोटाइपसेटिंगची, आणि ती त्यांना बघवेनात. मे महिन्यात त्यांनी ‘टेक’ या स्वतःच्या अक्षरजुळणी-प्रणालीचा आराखडा लिहून काढला. अक्षरांचे आकार घडवण्यासाठी ‘मेटाफॉन्ट’ ही तिची जोडीदारीण आली. थोड्या महिन्यांत उरकेल असं वाटलेलं काम पाच खंडांच्या रूपात पूर्ण झालं ते १९८६ साली.

मेटाफॉन्टमध्ये आकार म्हणजे चित्र नव्हे, कृती. पेन कुठून निघालं, कुठे वळलं, किती जाड होतं, हे शब्दांत लिहायचं. क्नूथ यांच्या ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ या अक्षरकुळात ६२ मापं आहेत. ती बदलली की त्याच कृतीतून सबंध वेगळा फॉन्ट निघतो. पंच कापणारा, साचा घडवणारा आणि ओतशाळा या तिघांचं काम एका फाइलीत आलं. गणितासाठी घडवलेल्या या हत्याराने आपल्या लिपीचीही सोय झाली: ग्रोनिंगेन विद्यापीठातले फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेकसाठीचा देवनागरी फॉन्ट याच मेटाफॉन्टमध्ये घडवला.

आता हवं ते चिन्ह हवं तसं काढता येत होतं. तरीही क्नूथ यांच्या मूळ टेकमधली बरीच चिन्हं उघडून पाहिली तर आत जुळाऱ्याचीच युक्ती दिसते. ⋈ हे एकमेकांकडे तोंड केलेले दोन त्रिकोण जवळ सरकवून केलेलं आहे. ⊨ म्हणजे उभी रेघ आणि बरोबरचं चिन्ह, मधली फट मिटवलेलं. ↦ म्हणजे बाणाच्या शेपटीला लावलेली उभी खूण. भौतिकशास्त्रातला आडव्या रेघेचा ‘एच’ म्हणजे आधी आडवी रेघ, मग मागे सरकून त्यावर ‘एच’. नवं चिन्ह हवं असलेला आजचा संशोधकही आधी हेच करतो. वर्तुळ घेतो, त्यावर तिरपी रेघ टाकतो, त्याला एक नाव देतो, आणि पुढे सबंध प्रबंधात तेवढं नाव टाइप करत राहतो. मेटाफॉन्टपर्यंत जातो तो विरळा.

टेकने खरी भर टाकली ती दुसरीकडे, आणि आकाराच्या मोहात ती नजरेतून सुटते. टेकला चिन्हाचं रूप नुसतं सांगून भागत नाही, त्याची भूमिकाही सांगावी लागते. साधं अक्षर आहे, की ∫ सारखा मोठा कारक? + सारखी दोघांमधली क्रिया आहे, की = सारखा संबंध? उघडणारा कंस, मिटणारा कंस, की विरामचिन्ह? अशा आठ जाती आहेत, आणि कुठल्या दोन जातींच्या मधे किती जागा सोडायची याचं कोष्टक टेकच्या पोटात आहे. ‘एम’ या रुंदीचे १८ भाग करायचे. संबंधचिन्हाच्या दोन्ही बाजूंना पाच भाग, क्रियेच्या बाजूंना चार, विरामचिन्हानंतर तीन. घातांकात मजकूर बारीक झाला की क्रिया आणि संबंध यांच्याभोवतीची जागा पूर्ण मिटते. ‘८ − ५’ मध्ये उणेच्या दोन्हीकडे मोकळीक मिळते. ‘−५’ मध्ये तेच चिन्ह आकड्याला चिकटून बसतं, कारण डावीकडे कुणी नाही हे पाहून टेक त्याची जातच बदलतो. मुरलेला जुळारी या गोष्टी पातळ पट्ट्या घालून, नजरेने करत असे. त्याचं हे शहाणपण पहिल्यांदा इतकं काटेकोर लिहिलं गेलं.

घरी बनवलेलं चिन्ह फसतं ते बहुधा इथेच. वर्तुळावर रेघ टाकली, पण ते संबंधचिन्ह आहे हे सांगायचं राहिलं, तर दोन्हीकडची पदं त्याला खेटून बसतात. वाचणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण ओळ अडखळते. दुसरी मेख मापाची. तेच चिन्ह स्वतंत्र ओळीत, मजकुराच्या ओघात, घातांकात आणि घातांकाच्याही घातांकात येऊ शकतं. या चारही मापांत रेघ वर्तुळाच्या मधोमधच पडली पाहिजे, आणि त्यासाठी जुळणी चारदा करवून घेण्याची सोय टेकमध्ये ठेवलेली आहे. तिची आठवण सहसा होते ती घातांकातली रेघ वर्तुळाबाहेर पडलेली दिसल्यावर.

मग चिन्हांना पूर आला. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने जादा चिन्हांचे फॉन्ट काढले, हेरमान झाप्फ यांच्याकडून ‘ऑयलर’ हे हस्ताक्षरी वळणाचं गणिती अक्षरकुळ करवून घेतलं. संगणकशास्त्रवाल्यांनी आपल्यापुरते संच घडवले. टेकच्या वर बसलेल्या ‘लॅटेक’मध्ये मिळणाऱ्या चिन्हांची स्कॉट पॅकिन यांनी केलेली यादी हजारोंच्या घरात गेली आहे.

पण टेकचं घरगुती चिन्ह कागदावर दिसतं, फाइलीतून मात्र बाहेर निघत नाही. ते कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, हाती वर्तुळ आणि रेघ असे सुटे तुकडे येतात. शोधून सापडत नाही. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राला ते उच्चारता येत नाही. यासाठी प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक हवा, म्हणून विज्ञान-प्रकाशक आणि गणितज्ञांच्या संस्था युनिकोडकडे गेल्या. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बार्बरा बीटन यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खिंड लढवली. २००१ आणि २००२ सालच्या आवृत्त्यांत गणिती अक्षरं आणि चिन्हं मोठ्या संख्येने दाखल झाली. एकट्या २००१ साली ९९१ गणिती अक्षरं. गणिती क्रियाचिन्हांच्या मुख्य खणात पहिला मान मिळाला तो ∀ला, म्हणजे फिरवलेल्या ‘ए’ला.

युनिकोडच्या दारात मात्र एक अट आहे: चिन्ह लोकांच्या वापरात असल्याचा पुरावा आणा. कुणा एकाला सुचलेल्या चिन्हाला तिथे क्रमांक मिळत नाही. म्हणजे केस पुन्हा आली, फक्त तिचे खण प्रचंड वाढले. नव्या चिन्हाने आधी टेकमध्ये जुन्या तुकड्यांवर दिवस काढायचे, लेखांतून फिरायचं, इतरांच्या लेखणीत उतरायचं, मग घर मागायचं.

ही अट जाचक वाटेल, पण तिच्यामागचा हिशेब जुनाच आहे. फ्रेगेने दुसऱ्या खंडासाठी खिसा रिकामा केला, पेआनोने छापखाना घेतला, रसेल-व्हाइटहेडनी ५०-५० पौंड भरले. नव्या चिन्हाचा खर्च लेखक आणि छापखाना यांच्यात वाटला जायचा आणि तो डोळ्यांना दिसायचा. टेकने तो जवळपास शून्यावर आणला असं वाटतं. प्रत्यक्षात तो वाचकाच्या खात्यावर गेला. रिचर्ड फाइनमन यांनी शाळकरी वयात साइन, कोसाइनसाठी स्वतःची चिन्हं बनवली होती. मित्राला काही समजावताना ती त्याला कळेनात, तेव्हा त्यांनी ती सोडून दिली. आज प्रबंधाच्या सुरुवातीला ‘वापरलेली चिन्हं’ असं एक कोष्टक असतं. प्रत्येक नव्या चिन्हामागे वाचकाला किती वेळा मागे वळून ते पान उघडावं लागणार, हे लेखकाने आधी मोजावं. पूर्वी असं मोजायला जुळारी भाग पाडत असे; आता ते लेखकाने स्वतःहून करायचं आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर येईल की जुन्या चिन्हावर भागतंय.